सेशन संपलं म्हणजे हक्क संपला का?

जातव्यवस्था फक्त पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात नसते, ती कागदाच्या भाषेतही असते. गावगाड्यात कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत असायचं. ज्याच्या जमिनीबद्दल, ज्याच्या वतनाबद्दल त्यात लिहिलेलं असे, त्यालाच ते वाचता येत नसे. कुलकर्णी सांगेल ते खरं. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच लेखणीच्या सत्तेवर कोरडे ओढले. आज दप्तर गेलं, संकेतस्थळ आलं. ती सत्ता मात्र कुठं गेली, हे आपण तपासत नाही.

आम्ही काही कार्यकर्ते नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, विहारात बसून मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. दिवाळीच्या पुढंमागं दरवर्षी एकच चित्र दिसतं. पाथर्डीकडची एखादी मुलगी बी.एस्सी.ला असते. आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर गेलेले असतात. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात. ओटीपी तिकडं जातो, वडील उसाच्या फडात. फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. दुसरा मागवावा तर पडद्यावर इंग्रजीत ओळ येते, ‘सेशन एक्स्पायर्ड’. पुन्हा लॉगिन केलं की भरलेली पानं कोरी, आणि सुरुवातीला निवडलेली मराठी जाऊन इंग्रजी हजर. मुलगी विचारते, “दादा, माझा फॉर्म बाद झाला का?”

कार्यालयाचं नाव आम्ही घेत नाही, कारण ही खोड एकाची नाही. पण यातलं तंत्र आपल्या पोरांनी नीट समजून घेतलं पाहिजे.

वेबचा मूळ नियम, म्हणजे एचटीटीपी, विसरभोळा आहे. प्रत्येक क्लिक त्याला नव्या माणसाचा वाटतो. म्हणून लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक क्रमांक देतो, दवाखान्यात नंबरचा बिल्ला देतात तसा. ब्राउझर तो कुकीत ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर दाखवतो. या ओळखीला सेशन म्हणतात. ठरलेल्या वेळात हालचाल झाली नाही की सर्व्हर बिल्ला रद्द करतो. इथपर्यंत काही चूक नाही. चूक पुढं आहे. बनवणाऱ्यानं निवडलेली भाषा आणि अर्धवट भरलेला अर्ज, दोन्ही त्या बिल्ल्यालाच बांधून ठेवले. बिल्ला गेला की दोन्ही गेले. मग संकेतस्थळ ब्राउझरलाच विचारतं, भाषा कोणती? नेट कॅफेतला ब्राउझर इंग्रजीवर ठेवलेला असतो, तो इंग्रजी सांगतो. मुलीला कोणी विचारतच नाही.

यावर उपाय अवघड नाही. भाषा पानाच्या पत्त्यात किंवा वापरणाऱ्याच्या खात्यात नोंदवायची. अर्जाचं प्रत्येक पान भरताच खात्याच्या नावावर डेटाबेसमध्ये जतन करायचं. सेशनकडं एकच काम ठेवायचं, माणूस ओळखण्याचं. बी.सी.ए. झालेला आपला कोणताही पोरगा हे करू शकतो. मग मोठमोठी कंत्राटं घेणाऱ्यांना ते का जमत नाही? कारण अर्ज भरणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर कधी नसतेच.

नावाचंही तसंच. यूटीएफ-8 या पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला 3. रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजली तर मराठी नाव एक तृतीयांश जागेतच तुटतं. डेटाबेस जुन्या पद्धतीवर असेल तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून ‘नाव इंग्रजीतच लिहा’ हा सोपा मार्ग काढला जातो. देवनागरीत एकच असलेलं आडनाव मग रोमन लिपीत जातीच्या दाखल्यावर एक स्पेलिंग घेतं, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं. अर्ज अडतो आणि दोष मुलाच्या माथी येतो.

काही जण म्हणतील, सेशन लवकर संपवणं सुरक्षेसाठी गरजेचं आहे. मान्य. आपल्यासाठी तर जास्तच. कॅफेत एका संगणकावर दिवसभरात कितीतरी मुलं बसतात. पहिल्याचं खातं उघडं राहिलं तर दुसऱ्याची कागदपत्रं त्याच्या अर्जात जातात, बँक खात्याचा तपशीलही दिसतो. म्हणून सेशन कधीच संपू नये असं आमचं म्हणणं नाही. दार बंद करणं वेगळं आणि घरातलं सामान फेकून देणं वेगळं. डब्ल्यूसीएजी या जागतिक सुलभता निकषांत वेळमर्यादेबद्दल एक मार्ग स्पष्ट दिला आहे. वेळ संपण्याआधी सूचना द्यावी, एखादी कळ दाबून मुदत वाढवायला किमान 20 सेकंद द्यावेत, आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता यावी. आमची भर एवढीच, की ती सूचना मराठीत असावी.

दुसरा आक्षेप नेहमीचा. पोरांनी इंग्रजी शिकावं की! शिकावंच, जोरात शिकावं. पण कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेल्या बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ मराठीतच काढला, कारण ज्याचा प्रश्न त्याला तो त्याच्या भाषेत मांडता आला पाहिजे. संविधानाचं कलम 350 प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतं. 1964 चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम देवनागरीतल्या मराठीला राजभाषा ठरवतो. मग राजभाषा सेशनबरोबर का मरते?

अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ती मिळवण्यासाठी मुलाची शैक्षणिक पात्रता हवी, इंटरनेटचा वेग किंवा इंग्रजी टायपिंग नव्हे.

म्हणून मित्रांनो, भाषणाबरोबर हेही काम हाती घ्या. मराठी निवडा, थांबा, सेशन संपू द्या, पुन्हा लॉगिन करा. भाषा राहिली का? अर्ज राहिला का? प्रत्येक पायरीचा वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, पण त्यात कोणाचा आधार क्रमांक दिसू देऊ नका. गाऱ्हाणं मराठीत लिहा, समाजकल्याण कार्यालयात द्या, पोच घ्या. कॅफेत काम झालं की लॉगआउट करायला धाकट्यांना शिकवा. आणि जे कोड लिहितात त्यांनी आपल्या प्रत्येक प्रोजेक्टची पहिली चाचणी मराठी नावानं आणि अर्ध्यावर तुटलेल्या नेटवर घ्यावी.

फडातून बापाचा फोन लागेपर्यंत त्या मुलीचा अर्ज जागेवर राहिला पाहिजे. ही सवलत नाही, हक्क आहे.

जय भीम! जय संविधान!