व्यायला आलेली गाय आता नको

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गाय घ्यायची तर व्यायला आलेलीच, हे माझं जुनं मत. फुगलेली कास दिसते, सड चाचपून घेता येतात, आठ-पंधरा दिवसांत दूध डेअरीला जातं. दोन महिने नुसता चारा घालायला कुणाला परवडतं? हे मी कितीतरी जणांना पटवलं. आता ते मत मी सोडलंय, आणि त्याला कारण ठरले उंदीर.

१८९० साली बर्लिनला बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी धनुर्वात पचवायला सरावलेल्या सशाचं रक्त उंदरांना टोचलं. नंतर धनुर्वाताचे जंतू देऊनही ते उंदीर जगले. ही करामत रक्तातल्या ज्या प्रथिनांची, त्यांना आज प्रतिपिंडं म्हणतात. १८९२ मध्ये पाउल एर्लिख यांनी विषाला दाद न देणाऱ्या उंदरिणीला परक्या आईची पिल्लं पाजायला दिली. नुसत्या दुधावर त्यांनाही संरक्षण मिळालं.

गायीचं गणित याहून कडक. उंदराच्या पिल्लाला थोडी प्रतिपिंडं पोटातच मिळतात. वासराला वारेतून जवळजवळ काहीच नाही. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत प्रतिपिंडं गायीच्या रक्तातून कासेत उतरतात, चिकात साठतात. चीक विरजणाशिवाय थिजून खरवस होतो, तो बराचसा याच प्रथिनांमुळे. (खरवस मलाही आवडतो, पण पहिल्या धारेवर हक्क वासराचा.) ही प्रथिनं रक्तात घेणारी वासराच्या आतड्याची दारं मात्र साधारण चोवीस तासांत बंद होतात.

आणि इथेच माझा हिशेब फिरला. गाय प्रतिपिंडं बनवते ती ज्या गोठ्यात दिवस काढले, तिथल्या जंतूंविरुद्ध. शनिवारी आणलेली गाय सोमवारी व्याली, तर तिच्या चिकाला ओळख जुन्या मालकाच्या गोठ्याची, तुमच्या दावणीची नाही. काही जंतू सगळीकडे सारखेच, म्हणून तो चीक वाया जात नाही. पण नव्या गोठ्यातल्या जंतूंपुढे वासरू उघडं पडू शकतं. पांढरी हगवण लागली की आपण दृष्ट काढतो, तो भाग वेगळा.

व्यायला दोन महिने असलेल्या गायीच्या दुधाचा अंदाज येत नाही, व्यापारी सांगेल तेच धरावं लागतं, ही अडचण खरी आहे. तरीही व्यायला किमान महिना-दीड महिना असलेली गाय घ्या. दिवस भरलेली घेतलीच, तर वार पडायची वाट बघू नका. दोन तासांच्या आत चीक पाजायला लागा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर.