महंमद अली रोडचे महंमद अली

रमजान सुरू झाला की मुंबईच्या महंमद अली रोडची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. मिनारा मशिदीची रोषणाई, मालपुव्यांच्या कढया, फिरनीच्या मातीच्या वाट्या. आमचे हिंदू मित्र आवर्जून विचारतात, "यंदा कधी नेणार?" आम्हीही हौसेने नेतो. पण तृप्त झालेला एखादा पाहुणा "हे महंमद अली म्हणजे जिनाच ना?" असे विचारतो, तेव्हा घास घशात अडकतो. अधिक वाईट वाटते ते आमच्याच मोहल्ल्यातल्या मुलांना याचे उत्तर देता येत नाही म्हणून.

हे महंमद अली म्हणजे मौलाना महंमद अली जौहर. जन्म १८७८ साली रामपूरचा. ऑक्सफर्डला शिकून आल्यावर त्यांनी 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक आणि 'हमदर्द' हे उर्दू दैनिक काढले. भाऊ शौकत अली यांच्यासह तुरुंगवास भोगला. खिलाफत चळवळीत अलीबंधू गांधीजींबरोबर देशभर हिंडले. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसचे मौलाना अध्यक्ष होते. पुढे काँग्रेसशी त्यांचे मतभेद झाले, हेही सांगितले पाहिजे. पण गुलाम देशात परत जाणार नाही, असे गोलमेज परिषदेत बजावून ४ जानेवारी १९३१ रोजी त्यांनी लंडनमध्येच देह ठेवला. दफन जेरुसलेमला झाले. म्हणजे आमच्या या रस्त्याच्या पाटीवर एक स्वातंत्र्यसैनिक उभा आहे, आणि त्याच्यासमोरून आम्ही रोज कबाबाचा भाव विचारत जातो.

या परिसरातली इतर नावेही अशीच बोलकी आहेत. भेंडी बाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले असे कोणी म्हणतात, तर कोणी ते साहेबाच्या 'बिहाइंड द बझार'चे रूप मानतात. याच वस्तीच्या नावाने गायकीचे एक घराणे ओळखले जाते. त्यातल्या उस्ताद नझीर खाँसाहेबांकडे अंजनीबाई मालपेकर शिकल्या, आणि उस्ताद अमान अली खाँसाहेबांची तालीम लता मंगेशकरांना मिळाली. जवळचे मशीद बंदर घ्या. जाणकार सांगतात, की त्या नावातली मशीद मुसलमानांची नव्हेच! सॅम्युएल दिवेकर या बेने इस्रायली गृहस्थांनी १७९६ साली बांधलेले ते ज्यूंचे प्रार्थनास्थळ. मराठी बोलणारे बेने इस्रायली त्याला मशीद म्हणत. २००२ साली या रस्त्यावर सुमारे २.५ किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. त्याला नाव मिळाले कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा कोकणचा विद्वान. माहिमला त्यांच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. पण लोकांच्या तोंडी तो पूल 'जे.जे. फ्लायओव्हर'च राहिला.

२०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अशा बातम्या आल्या की आमच्या बैठकांतून चिंतेचा सूर निघतो, तावातावाने बोलले जाते. ती वेदना खोटी नाही. पण एक प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारायला हवा. पाटीवर असलेल्या नावांचे आम्ही काय केले? पाटी सरकार बदलू शकते. पाटीमागचा माणूस मात्र आमच्याच विस्मरणाने पुसला जातो. आणि तो एकदा पुसला गेला, की पाटी राहिली काय अन् गेली काय, सारखेच.

म्हणून यंदाच्या रमजानमध्ये मित्रांना मिनारा मशिदीकडे नेताना पाच मिनिटे आधी निघू या. मुलांनाही सोबत घेऊ. पाटीखाली थांबून मौलानांची ही हकिकत सांगू, आपल्या मराठीतच सांगू. मालपुवे कुठे पळून जात नाहीत.