डोंगर, दरी आणि आठवण

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने मेंदूचा विचार करावा, हे पुष्कळांना परक्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे वाटते. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ‘यात पदार्थविज्ञान कोठे आहे?’ असे जाणत्यांनीही विचारले. महाविद्यालयात आयुष्यभर हाच विषय शिकविलेल्या मला मात्र ती निवड मनापासून पटली.

हॉपफिल्ड यांचा जन्म १९३३ साली शिकागोत झाला. आईवडील दोघेही पदार्थवैज्ञानिक. १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि घनपदार्थांच्या अभ्यासात नाव कमाविले. एवढ्यावर एखाद्याचे आयुष्य सुखाने सरले असते. परंतु जिवंत पेशी प्रथिने घडविताना इतक्या कमी चुका कशा करते, या प्रश्नाने त्यांना गाठले. त्यावरील त्यांचा निबंध १९७४ सालचा. पुढे मेंदूतून मन कसे उद्भवते, या त्याहून अवघड प्रश्नाकडे ते वळले. १९८० साली प्रिन्स्टनचा पदार्थविज्ञान विभाग सोडून ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत रसायन व जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मानमरातब हाती असताना, माणसे सहसा असे करीत नाहीत. दोनच वर्षांनी, १९८२ साली, त्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण सांख्यिकीय पदार्थविज्ञानातील अत्यंत मानाचे बोल्ट्झमन पदक २०२२ साली हॉपफिल्ड यांच्या जोडीने दीपक धर यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. कॅलटेकमध्येच डॉक्टरेट करून १९७८ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि निवृत्तीनंतर पुण्याच्या आयसरमध्ये गेले. (हॉपफिल्ड कॅलटेकला पोहोचण्यापूर्वी धर निघाले होते, दोन वर्षांची चुकामूक!) वाळूच्या ढिगावर कण कण टाकीत गेल्यास एखाद्या कणाने केव्हा लहान, केव्हा प्रचंड घसरण होते, त्यामागचे गणित धर यांनी १९९० साली उलगडले. २००३ साली उंदराच्या मेंदूच्या पातळ कापांतही अशाच लहानमोठ्या घसरणी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मेंदू खरोखरच ढिगासारखा काठावर उभा असतो काय, हा वाद मिटलेला नाही.

हॉपफिल्ड यांची कल्पना मला नीट उमगली ती उलव्यात राहावयास आल्यावर. चुंबकातील प्रत्येक अणू शेजाऱ्यांकडे पाहून आपली दिशा ठरवितो; तशीच प्रत्येक मज्जापेशी इतरांचा कौल घेऊन जागी होते वा निजते, असे त्यांनी मानले. अशा प्रत्येक पालटाबरोबर साऱ्या जाळ्याची ऊर्जा उतरत जाते. डोंगराळ मुलखात सोडलेला चेंडू जवळच्या दरीत जाऊन थांबावा, तसे. प्रत्येक दरी म्हणजे एक आठवण. उतारावर कोठेही सोडा, म्हणजे आठवणीचा तुकडा द्या, चेंडू पूर्ण आठवणीपर्यंत पोहोचतो. मात्र शंभर पेशींच्या जाळ्यात जेमतेम चौदापंधरा आठवणी मावतात. कधी दोनतीन आठवणी मिसळून खोटीच दरी तयार होते. काही धागे तुटले तरी दऱ्या एकदम बुजत नाहीत, उथळ होत जातात.

उलव्याचा डोंगर विमानतळासाठी कापून काढला, नदीचा प्रवाह वळविला, गावे हलविली. विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या नोबेलच्या घोषणेनंतर बरोबर एका वर्षाने झाले. हलविलेल्या गावांपैकी एका गावचे वृद्ध आगरी आजोबा आमच्या इमारतीच्या फाटकाशी बसतात. वाट विचारणाऱ्याला ते ‘डोंगराच्या अंगाला जा’ म्हणतात. पहारेकरी बिचारा आकाशाकडे पाहतो. नातवाचे नाव आता त्यांना आठवत नाही. कधी मुलगा आणि दिवंगत भाऊ यांची एकच व्यक्ती होऊन जाते. पण ‘उघाडी’ एवढा शब्द उच्चारा, की खाजणाचा बांध, भरतीचे पाणी, त्यात सापडलेला जिताडा आणि तो कोणी कोणी खाल्ला, हे ओळीने येते.

त्यांच्या सुनेने एकदा मला विचारले, “सर, तुम्ही विज्ञान शिकविलेत. बाबांचे गेलेले परत येईल का हो?”

खरे तेच सांगणे भाग होते. हॉपफिल्ड यांचे जाळे कागदावरचे आहे. मेंदूतील पेशी का झिजतात, हे त्यातून कळत नाही आणि त्यातून औषधही निघत नाही. मी तिला दरी आणि चेंडूची गोष्ट सांगितली. ‘ओळखले का?’ असे विचारू नये, तुकडा द्यावा, इतकेच सुचविले. ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे नाव विचारायचे नाही, नाव सांगायचे.”

दुधाच्या हिशेबाच्या वहीत, शेवटल्या पानावर, तिने चालणारे शब्द लिहून ठेवले आहेत. मागच्या आठवड्यापर्यंत सतरा झाले होते. त्यांत नातवाचे नाव नाही. परंतु तो लहान असताना आजोबा त्याला ज्या लाडक्या नावाने हाक मारीत, ते आहे. त्याला ते कधी प्रतिसाद देतात, कधी देत नाहीत.