पौषातली रात्र, भामेरच्या पायथ्याशी

उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्यात धुळ्याचा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. खान्देशात वाढलेल्या माणसाला दोन्हींचं नवल नसतं. माझ्यापुरती थंडी म्हणजे कानटोपी, पहाटेचं धुकं आणि मित्राच्या शेतातली भरीत पार्टी. पार्टी संपली की गाडीला किक मारून घरी यायचं आणि गोधडीत शिरायचं. त्या थंडीत रात्रभर उघड्यावर राहायचं असं मित्रांनी ठरवलं, तेव्हा त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

जागा ठरली भामेर. साक्री तालुक्यात, निजामपूरजवळ. गावात शिरतानाच जुनं दगडी प्रवेशद्वार लागतं. वर किल्ल्याच्या डोंगरात कोरलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत आणि आसपासच्या पठारांवर पवनचक्क्या फिरत असतात. ओळखीच्या एका शेतकऱ्याने बाजरी काढून मोकळं झालेलं रान आम्हाला रात्रीपुरतं दिलं होतं. रानाच्या कडेला नाला, नाल्याकाठी सपाट, मऊ, आडोशाची जमीन. तंबू टाकायला याहून चांगली जागा कुठली, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

त्याच रानात वरच्या बाजूला ठेलाऱ्यांचा वाडा बसला होता. धुळे जिल्ह्यातले हे मेंढपाळ पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि गावोगावच्या रिकाम्या शेतांत रात्री मेंढ्या बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. वाघर लावून मेंढ्या आत घेतलेल्या, कोकरं डालग्यांखाली, बाजूला घोडी बांधलेली. त्यांच्यातले एक वयस्क आबा आमची लगबग बराच वेळ बघत होते. शेवटी खाली आले.

“भाऊ, आठे नका झोपू. नालानी थंडी लागी.”

मी गोंधळलो. वारा तर वर लागणार, इथे उलट आडोसा आहे. मग थंडी इथे कशी? आमच्यातला एकजण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने वाद न घालता खुंट्या उपटायला सुरुवात केली आणि तंबू वर नेला. मात्र आणलेल्या दोन तापमापकांपैकी एक नाल्याकाठीच काठीला टांगून ठेवला, दुसरा तंबूपाशी. रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन आम्ही दोन्ही वाचले. नाल्यातला तीन अंशांनी खाली होता. अंतर हाकेवरचं, उंचीतला फरक फार तर दोन पुरुष. तो आकडा मी पुन्हापुन्हा बघत राहिलो.

कारण त्याने नंतर समजावलं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. अशा रात्री जमीन दिवसभर घेतलेली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला लागून असलेली हवा आधी गार होते. गार हवा जड, म्हणून ती उतार धरून पाण्यासारखी वाहत येते आणि खोलगट जागी साचते. वर ढग असते तर ते या उष्णतेचा काही भाग परत खाली पाठवते. म्हणूनच ढगाळ रात्री ऊब वाटते आणि चांदणं स्वच्छ असलं की हुडहुडी भरते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. पेपरात छापून येणारा पारा तिथला. आपण झोपतो जमिनीवर, आणि तिथली रात्र त्याहून गार असते. इतकी वर्षं धुळ्याचं किमान तापमान वाचत आलो, पण ते कोणत्या उंचीवरचं हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

जेवण जळगावकरांकडे होतं, आणि त्यात त्यांनी कसलीही कसर ठेवली नाही. ज्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, ती हिरवी लांबट वांगी गोणीभर. पऱ्हाट्यांच्या जाळावर ती काळी पडेपर्यंत भाजली, सोलून लाकडी भांड्यात ठेचली, मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरी. आबांना बोलावलं तर ते दुधाची किटली घेऊनच आले. शेकोटीला गोल करून बसलो तेव्हा समोरून भाजत होतो आणि पाठ गारठत होती. आबा मात्र शेकोटीकडे पाठ करून बसले होते.

रावेरकडच्या मित्राचं लक्ष जेवणात नव्हतं. त्याच्या घरची केळी आहे. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते आणि पानं-घड पोसायला वेळ लागतो. वडील बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करत होते, रात्री बागेला पाणी सोडणार होते. तो दर तासाने फोन करत होता.

झोपताना शेगडी तंबूत घ्यावी असं कुणीतरी सुचवलं. शिक्षक मित्राने ठाम नकार दिला. बंद जागेत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेगडी बाहेरच विझवली. त्याऐवजी शेतकऱ्याकडून बाजरीच्या चाऱ्याच्या पेंढ्या मागून घेतल्या आणि अंथरुणाखाली जाड थर केला. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग अंगाच्या भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरायला काही उरत नाही. वर कितीही पांघरा, पाठीतून ऊब जातच राहते. बॅग स्वतः ऊब देत नाही, अंगाची ऊब धरून ठेवते, ही गोष्ट मला त्या पेंढ्यांवर आडवं झाल्यावर नीट कळली.

तरीही दोनच्या सुमारास जाग आली. बाहेर आलो तर व्याध पश्चिमेकडे कलायला लागला होता, पवनचक्क्यांचे लाल दिवे मिणमिणत होते. पलीकडच्या गव्हाच्या रानात एक बॅटरी हलत होती. शेजारचा शेतकरी पाणी भरत होता. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, हातात फावडं, अंगात साधा स्वेटर. शेतीपंपाला वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि पौषातल्या दोन वाजता त्या पाण्याच्या काठावर उभं राहणं यात फार अंतर आहे. मी विचारलं, पाय बधिर होत नाहीत का? ते म्हणाले, होतात, मग बांधावर जाळ करून शेकतो आणि पुन्हा उतरतो. थंडी गव्हाला मानवते, म्हणून तिच्याबद्दल तक्रार करवत नाही, असंही म्हणाले.

साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. जिथे तिचं काम पूर्ण झालंय तिथल्या लोकांना रात्री रानात उतरावं लागत नाही. ती प्रत्येक शिवारात लवकर पोचावी, असं मला त्या रात्रीपासून फार तळमळून वाटतं.

पहाटे तंबू आतून ओला होता. आमच्याच श्वासातली वाफ गार कापडावर जमून थेंब खाली पडत होते. वरच्या बाजूला आबा मेंढ्यांना लागून, डोक्यावरून घोंगडी घेऊन झोपले होते. घोंगडीवर दव होतं, आत ऊब. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. मी घोंगडी हातात घेऊन बघितली, वजनदार आणि खरखरीत. कुठे मिळते विचारलं, तर त्यांनी बाजाराचा दिवस सांगितला, आणि विणीचा काठ दाबून बघायचा, सैल असली तर घ्यायची नाही, हेही सांगितलं.

जानेवारीत तोरणमाळला जायचं ठरतंय. उंची साधारण ११५० मीटर, मध्यभागी यशवंत तलाव. या वेळी तंबूची जागा मी शोधणार आहे. पाण्यापासून लांब, उतारावर थोडी वर, सकाळचं ऊन पहिल्यांदा पडेल अशी. दोन्ही तापमापक घ्यायचे आहेत आणि तलावाच्या काठावर व पठाराच्या कडेला किती फरक पडतो तो लिहून ठेवायचा आहे. घोंगडी घेतली आहे, काठ दाबून बघून.