डिंभ्याच्या वरच्या अंगाला

आंबेगाव हा तालुका नकाशावर आहे, पण ज्या गावावरून तालुक्याला हे नाव पडलं ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात घोड नदीचं पाणी उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि पुण्यामुंबईची माणसं फोटो काढायला जातात. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठा बाजार मंचरला. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. तेही याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे.

मी नोकरी केली ती धरणाच्या खालच्या अंगाला, नारायणगावच्या बाजूच्या एका हायस्कुलात. मराठी आणि इतिहास. खालचा अंग म्हणजे कालव्याचं पाणी, ऊस, द्राक्षं, टोमॅटो. वरचा अंग म्हणजे आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडचा डोंगर, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या, आणि पाऊस एवढा की बोलायची सोय नाही. दोन्ही अंगांत अंतर तीस-चाळीस किलोमीटरचं. पण वरचा माणूस खाली यायचा तो बहुतेक वेळा मजुरीलाच. ज्यांची जमीन पाण्यात गेली त्यांतलेच काही जण त्याच पाण्यावर पिकलेला टोमॅटो तोडायला यायचे. हे मी वर्गात कधी इतक्या उघडपणे बोलले नाही, पण मुलांना ते माहीत होतंच.

हे सगळं आज लिहायला घेतलं त्याला कारण माझी भाची. ती मेलबर्नला असते. तिच्या लेकाला शाळेत तिथल्या मूळच्या लोकांबद्दल काहीतरी लिहायचं होतं. मला म्हणाली, "आत्या, तुमच्या भागात आदिवासींच्या शिक्षणाचं आणि कामाचं कसं आहे गं? म्हणजे लोक स्वतः काही करतात का, की सगळं सरकारच करतं?" फोनवर काय सांगणार. म्हटलं, लिहूनच काढते.

तिच्याकडची गोष्ट थोडी सांगते. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं मूळच्या लोकांची मुलं आईबापांपासून काढून नेली, "सुधारायला". त्याबद्दल तिथल्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी शिक्षण, आरोग्य, रोजगार यांतली दरी कमी करायची उद्दिष्टं सरकारने ठरवली. पण ठरवली ती सरकारनेच. पुढे २०२० साली नवा करार झाला तेव्हा त्यावर मूळच्या लोकांच्या स्वतःच्या संस्थांच्या आघाडीने सरकारांच्या बरोबरीने सही केली. मला यातली बारा वर्षांची मधली वाट लक्षात ठेवावीशी वाटते. "तुमच्यासाठी" पासून "तुमच्याबरोबर" पर्यंत यायला एवढा वेळ लागला.

आपल्याकडे मुलं कोणी हिसकावून नेली नाहीत. आपल्याकडे आश्रमशाळा आल्या. डोंगरातल्या वाडीत चौथीपर्यंत शाळा, पुढे काही नाही. मग मूल आश्रमशाळेत. राहणं, जेवण, शाळा एकाच ठिकाणी. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, तिथून हा कारभार चालतो. आश्रमशाळांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांतली नाही. माझ्या ओळखीची निदान पंचवीस-तीस माणसं तिथल्या भातावर वाढली आणि आज शिक्षक, नर्स, ग्रामसेवक आहेत. पण एक गोष्ट मला नेहमी खटकली. शाळा डोंगरात होती, पण डोंगर शाळेत नव्हता. मुलाला आवणी कळते, हिरडा कळतो, कोणत्या कड्यावर पाणी कधी फुटतं ते कळतं, आणि पुस्तकात त्यातलं काहीच नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत न जाता देशी बियाणं सांभाळत राहिल्या आणि २०२० साली पद्मश्रीला पोचल्या. तेव्हा आमच्या निवृत्त मंडळींत बरीच चर्चा झाली, की एवढं शहाणपण गावात होतं आणि आपण शिकवत काय होतो?

हिरड्याचंच घ्या. एप्रिल-मे आला की वरच्या गावांत बाळहिरडा गोळा होतो. झाडावर चढायचं, काढायचं, वाळवायचं, विकायचं. त्रिफळ्यातला हा हिरडा. आपण शंभर ग्रॅमची पुडी घेतो तेव्हा त्यामागे कोण झाडावर चढलं होतं ते दिसत नाही. तिथल्या कुटुंबांना वर्षातला नगद पैसा मिळतो तो यावरच. शाळेची फी, दप्तर, लग्न, दवाखाना सगळं हिरड्यावर. व्यापारी ठरवेल तो भाव. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात हे पीक उद्ध्वस्त झालं आणि भरपाईची मागणी पुढे आली, तेव्हा अडचण ही की हिरडा सरकारी वहीत "पीक" म्हणून बसत नव्हता. किसान सभेच्या मंडळींनी आणि गावांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. म्हणजे नुकसान सोसायचं आणि वर ते नुकसान आहे हेही सिद्ध करायचं.

आता भाचीच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, लोक स्वतः काय करतात. पहिलं नाव पडकईचं. हा शब्द शहरातल्या वाचकांना नवा असेल. डोंगरउतारावर दगड काढायचे, ताल रचायची, माती सपाट करायची आणि भाताचं खाचर तयार करायचं. हे एका घराचं काम नाही. दहा-पंधरा घरं एकत्र येतात, आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या. आपण ज्याला सावड म्हणतो तसंच. ज्याचं शेत तो त्या दिवशी जेवण घालतो. धरणाने सपाट जमीन नेली तेव्हा लोकांना उतारच उरला होता, आणि उताराचं शेत करायची विद्या त्यांच्याकडे आधीपासून होती.

या भागात "शाश्वत" ही संस्था ऐंशीच्या दशकापासून काम करत आली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ही दोन नावं त्या कामाशी जोडलेली. धरणग्रस्तांच्या बाजूने ते उभे राहिले. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर पीक घेण्याचा हक्क, पडकईला मदत, आणि जलाशयातली मासेमारी, असं ते काम. मासेमारीची गंमत ही की "महादेव कोळी" या नावात कोळी असला तरी हे लोक डोंगरातले शेतकरी, जाळं टाकणारे नव्हेत. जाळं कातकऱ्यांचं. शेत गेलं आणि समोर पाणी आलं तेव्हा ही माणसं नव्याने मासेमारी शिकली, आपली सहकारी सोसायटी केली, ठेक्याच्या बाहेरच्या माणसांऐवजी हक्क आपल्याकडे मागितला. पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवणंही पुढे आलं. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आमच्या भागातल्या किती जणांना हे माहीत आहे? मी विचारून पाहिलं, दहांतल्या एकालाही नव्हतं.

सरकारनेही पुढे पडकई योजनेत घेतली. चांगलं झालं असं वाटलं. पण ३० जुलै २०१४ ला माळीण झालं. दीडशेच्या वर माणसं डोंगराखाली गेली. त्यानंतर बोट पडकईकडेही दाखवलं गेलं, की यंत्रं लावून उतार कापल्यामुळे डोंगर सैल झाला. अतिवृष्टी, डोंगराची ठेवण, पाण्याचा निचरा अशी अनेक कारणं तज्ज्ञ मांडत राहिले. मला एवढंच दिसतं की दहा घरांनी हाताने दगड लावायचा, आणि पावसाचं पाणी कुठून जाणार हे म्हाताऱ्याला विचारून लावायचा, ती पडकई वेगळी. आणि तासावर भाड्याने आणलेलं यंत्र वेगळं. नाव एकच राहिलं, पण ठरवणारा बदलला.

शिक्षणाचा आणि रोजगाराचा सांधा मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो रोजगार हमीत. आपल्या महाराष्ट्राने ही योजना १९७२ च्या दुष्काळाच्या वेळी सुरू केली, कायदा १९७७ चा, आणि मग २००५ साली देशाचा कायदा आला. त्या कायद्यात एक बारकी गोष्ट होती. काम हवं असेल तर लेखी मागायचं, नमुना ४ भरायचा, आणि तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारभत्ता. आता सांगा, ज्या वाडीत अर्ज लिहिणारा नाही तिथे या हक्काचा उपयोग काय? तोंडी मागितलं की "बघू" म्हणून बोळवण. २०२० च्या टाळेबंदीत चाकण-पुण्याकडची कामं बंद पडली आणि बारावी झालेली, आयटीआय झालेली पोरं डोंगरात परत आली. त्यांनी आणि गावातल्या मुलींनी घरोघर फिरून अर्ज भरले, पोच मागितली, हजेरीपटावर नजर ठेवली. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यात होती. मला म्हणाली, "बाई, तुम्ही अर्जलेखन शिकवलं होतं ना, दहा मार्कांचं? ते आता कामाला आलं." मी मनात म्हटलं, मीही ते दहा मार्कांचंच समजत होते गं! पण हसून वेळ मारून नेली. असो.

याच पोरांच्या पिढीने जुलै २०१८ मध्ये पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला होता. वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचे, या निर्णयाविरुद्ध. पैसे वेळेवर येत नाहीत आणि उपाशी कोण राहतं, हे त्यांना माहीत होतं. नाशिकच्या अलीकडेच पोलिसांनी तो अडवला. काही लोक म्हणाले, विद्यार्थ्यांनी शिकावं, मोर्चे काय काढायचे. मला तसं वाटलं नाही. जेवणाचा प्रश्न हा अभ्यासाचाच प्रश्न आहे, हे ज्याने वसतिगृहाची आमटी खाल्ली आहे त्याला कळतं.

आणि आता वाडीवरच्या शाळांचं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. कागदावर पटतं. दोन शिक्षक, सहा मुलं, काय शिकणार? पण डोंगरातली वाडी कागदावर नसते. मध्ये ओढा असतो, जुलैत तो छातीपर्यंत येतो, आणि सात वर्षांच्या मुलीला तीन किलोमीटर कोण सोडणार? आई आवणीत असते. मग मूल एक तर घरी बसतं नाही तर सहा वर्षांचं असताना आश्रमशाळेत जातं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं म्हटलं आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना पेसा कायद्याने ग्रामसभेचा जोर दिला आहे, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. दोन्ही कायदे बहुतेक ठिकाणी सह्यांपुरते. पण जिथे सही करणारा आधी वाचून बघतो, तिथे फरक पडतो.

माझा एक विद्यार्थी जुन्नरच्या पश्चिमेला एका वाडीत शाळा समितीचा अध्यक्ष आहे. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. त्यांच्या शाळेचा पट अकरा. शाळा हलवू नये असा ग्रामसभेचा ठराव त्यांनी केला, त्यात ओढ्याचं अंतर आणि पावसाळ्यात वाट बंद राहण्याचे दिवस लिहिले, मुलांच्या नावांसकट. ठराव पाठवला, पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. दरम्यान छप्पर गळत होतं ते वाडीने दोन दिवस सावड करून दुरुस्त केलं. फोनवर म्हणाला, "बाई, जूनला दप्तरं घ्यायचीत, पण हिरड्याला भाव काय लागतो ते बघून."