दुसऱ्याच्या घरची तलवार

वारशाने माणसाला काय मिळेल याचा नेम नाही! कुणाला आमराई मिळते, कुणाला दमा. आम्हां दोघां भावांना मिळाली एक जपानी तलवार. १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा मलायात जपानी अधिकाऱ्यांनी हिंदी पलटणींपुढे तलवारी खाली ठेवल्या. आजोबा त्या पलटणींत होते. परतताना ट्रंकेत ही घेऊन आले.

गावचे घर गळत होते. तलवार चारशे वर्षांची असणार आणि तिच्यात नवे छप्पर होणार, असा दादाचा हिशेब. वहिनी तर चिंच लावून ती लख्ख करायला निघाल्या होत्या, पण दादाने बोलावलेले जाणकार गृहस्थ दारातूनच ओरडले, "वहिनी, गंज पुसाल तर तिचं वय पुसाल!"

त्यांनी आधी मूठ पाहिली. १९३५ सालापासून जपानी हवालदारांना मिळालेल्या तलवारींची मूठ ओतीव धातूची, आणि पात्यावर क्रमांक. आमच्या मुठीवर पट्टीची वीण होती, म्हणजे ती अधिकाऱ्याची. मग त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ अलगद ओढली. कारागिराचे नाव असते ते मुठीत दडलेल्या या पोलादावर. तिथला गंज जितका जुना व काळा, तितके पाते जुने.

नाव होते. पण जवळच 'शोवा' असा बारीक शिक्काही होता! म्हणजे पाते युद्धाच्या काळातले, जुन्या रीतीने न घडवलेले. "हौशी लोक घेतील," गृहस्थ म्हणाले, "पण छप्पर व्हायचं नाही. फार तर कौलं येतील."

दादाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुठीच्या टोकाशी चांदीचे एक इवलेसे चिन्ह दिसले. ते त्या अधिकाऱ्याच्या घराण्याचे, असे कळले. दादा बराच वेळ ते निरखीत राहिला. मग म्हणाला, "ही कुणाच्या तरी आजोबांचीच की रे! परत पाठवू या."

गृहस्थ हसले. जपानात परंपरेने घडवलेल्या तलवारीचीच नोंदणी होते; असल्या पात्याला तिथला कायदा घरात ठेवू देत नाही. बिचारीला माहेरचे दार बंद!

दादाने कौलांसाठी कर्ज काढले. तलवारीला आम्ही तेलाचे बोट लावतो, गंजाला हात लावत नाही. यंदा दसऱ्याला वहिनींनी तिच्यावर दोन फुले वाहिली. दुसरे कुणासाठी, हे कुणी विचारले नाही.