गजावरची खूण

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला आधी सांगावं लागतं. आमच्या सिंधुदुर्गात बऱ्याच शेतकऱ्यांकडे ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच तशी सोय आहे. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजानं ठासायचा, मग छर्रे, परत बोळा. सगळ्यात शेवटी घोड्याखाली केप. एवढी खटपट झाली की एक बार. दुसरा भरेस्तोवर डुक्कर भात लोळवून व्हाळापलीकडे.

माझ्या बहिणीचा झील मुंबईत नेमबाजी शिकतो. त्यानं मला पॉइंट टू-टूच्या लहान रिव्हॉल्वरची माहिती सांगितली. त्या काडतुसाच्या बुडाला जी कड असते, तिच्या आतच पेटणारा मसाला. ठोकर बसली, कड चेपली की बार उडतो. ते कवच परत भरायचं नसतं, टाकूनच द्यायचं. चकरी बाहेर काढायची, रिकामी कवचं पाडायची, नवी काडतुसं एकेक करून घालायची. अमेरिकेत लोक असलं रिव्हॉल्वर शर्टाखाली लपवून बाळगतात. भ्यालेल्या हातांनाही ते भरता यावं म्हणून नकली काडतुसं घालून-काढून सराव करतात.

"मामा, तुमका एक बार भरूक किती वेळ लागता?" त्यानं विचारलं.

म्हटलं, "तुझी चकरी दोनदा रिकामी होयत, तितको!"

तो हसला. पण आमचं काम वेगळं. आमची बंदूक लपवून ठेवायचीच नसते, कोणाकडे आहे ते सगळ्या वाडीला ठाऊक. रानडुक्कर मारायला परवानगी लागते, म्हणून आमचा बार बहुतेक नुसत्या आवाजाचा, छर्रे न घालता काढलेला. आणि रात्री भातात सळसळलं तर ते डुक्करच असेल असं नाही. राखणीला शेजारीही बसलेला असतो. काळोखात वाकलेला माणूस आणि डुक्कर सारखेच दिसतात. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आमच्या भागात नव्या नाहीत. हाताशी एकच बार असला म्हणजे माणूस आधी बॅटरी मारतो, हाक देतो.

खरी भीती भरून ठेवलेल्या बंदुकीची. रिव्हॉल्वरची चकरी उघडली की आत काय आहे ते दिसतं. ठासणीच्या नळीत काही दिसत नाही, आणि बार काढल्याशिवाय ती सहज रिकामीही होत नाही. पावसात केप दमटते, घोडा पडतो, आवाज येत नाही. अशा वेळी नळी मोकळ्या रानाकडेच धरून थांबायचं. आतली दारू कधीकधी उशिरा पेटते.

बापूस सांगायचा, "बंदूक भरललीच आसा असा समजानच हातात घेवची."

त्यानं गजावर कोयत्यानं एक खूण केलेली आहे. केप काढायची, तोंड बाजूला ठेवायचं आणि गज नळीत अलगद सोडायचा. खूण नळीच्या तोंडाशी टेकली तर बंदूक रिकामी. खूण वर राहिली तर आत बार आहे.

आता परवाना झिलाच्या नावावर करायचा अर्ज दिलाय. कागद येईल तेव्हा येईल. बार कसा भरायचा ते त्याला अजून दाखवलेलं नाही. खूण तेवढी दाखवून ठेवली आहे.